काउंट पडल्यावर

कॅन्सरच्या वॉर्डात सकाळच्या राउंडला डॉक्टर आले की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आज काउंट किती?’ भूक, झोप, उलट्या हे सगळं त्यानंतर. पहिल्या केमोच्या वेळी ज्यांना हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट यांतला फरक सांगता येत नव्हता, ती माणसं तिसऱ्या सायकलपर्यंत रिपोर्ट हातात पडताच थेट ‘एएनसी’च्या ओळीवर जातात. एक घन मिलिमीटर रक्तात न्यूट्रोफिल जातीच्या पांढऱ्या पेशी किती आहेत, त्याचा हा आकडा. निरोगी माणसात तो दीड हजारापासून सात-आठ हजारांपर्यंत कुठेही असतो. हजाराच्या खाली गेला की डॉक्टर सावध होतात. पाचशेच्या खाली गेला की खाटेभोवतीचे नियम बदलतात. शंभराच्या खाली गेला की राउंडवर कोणी फारसं बोलत नाही.

पाचशे आणि शंभर या सीमा कोणी मनाने आखलेल्या नाहीत. जेराल्ड बोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांच्या रक्ततपासण्या आणि त्यांना झालेले संसर्ग शेजारी शेजारी मांडून १९६६ साली अमेरिकेत एक निबंध छापला. (चार लेखकांत वाय. एस. साठे हे नाव दिसतं आणि मराठी वाचकाची नजर तिथे क्षणभर थबकते.) आज तो वाचला तर त्यातलं गणित शाळकरी वाटेल, पण त्यातून दोन गोष्टी पक्क्या झाल्या. न्यूट्रोफिल जितके कमी, तितका संसर्गाचा धोका जास्त, ही एक. आणि ते जितके जास्त दिवस कमी राहतील तितका धोका वाढत जातो, ही दुसरी. आकडा एकदा खाली गेल्याने माणूस मरत नाही. तो खालीच रेंगाळला तर मात्र संसर्ग जवळपास अटळ होतो.

न्यूट्रोफिल रक्तात फार तर दिवसभर टिकतो. त्यामुळे हाडांतल्या मज्जेला तो रोज नव्याने घडवावा लागतो, तोही शंभर अब्जांच्या घरात. केमोची औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरची पेशी तशी असते, आणि मज्जेतली पेशीही तशीच असते. कारखाना बंद पडतो, शिल्लक माल संपतो, आणि केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान काउंट तळ गाठतो. त्याच सुमाराला तोंड येतं, कारण तोंडापासून गुदद्वारापर्यंतचं अस्तरही भराभर नवं होणाऱ्या पेशींचंच असतं. तोंडातले फोड दिसतात. आतड्यातले दिसत नाहीत, पण ते तिथे असतात.

या दिवसांत शरीर आणखी एक फसवणूक करतं. पू म्हणजे मुख्यतः मेलेले न्यूट्रोफिल. ते नसले की पू होत नाही, सूज येत नाही, जागा लाल होत नाही. न्यूमोनिया असूनही छातीचा एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. गुदद्वाराजवळ गळू होत असलं तर बाहेरून दिसायला काहीच नसतं, बसताना दुखतं एवढंच. संसर्गाची एरवीची सगळी लक्षणं गळून पडतात आणि एकच उरतं : ताप.

दुर्बल प्रतिकारशक्ती केवळ केमोमुळेच येते असं नाही. किडनी बसवलेला रुग्ण, संधिवातासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेणारी बाई, सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ, जळालेला माणूस, उपचार न मिळालेला एचआयव्हीबाधित, प्रत्येकाची उणीव वेगळी आणि तिचा फायदा घेणारा जंतूही वेगळा. तरी न्यूट्रोफिल उणे झालेल्या रुग्णाभोवती जी पथ्यं घडत गेली, त्यांतूनच बाकीच्यांची बरीचशी पथ्यं निघाली, म्हणून या प्रकरणात मुक्काम त्याच्याच खाटेपाशी.

नातेवाइकांच्या मनातलं चित्र साधं असतं : जंतू बाहेर आहेत, रुग्ण आत आहे, मध्ये दार आहे, आणि दार घट्ट लावलं की झालं. डॉक्टरांच्या मनातही एके काळी हेच चित्र होतं. पण १९७२ साली बाल्टिमोरमध्ये स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांच्या नाकातले, घशातले आणि विष्ठेतले जंतू नियमित तपासले आणि पुढे ज्या जंतूमुळे संसर्ग झाला त्याच्याशी ताडून पाहिले. बहुसंख्य संसर्गांत गुन्हेगार जंतू आधीपासून रुग्णाच्याच अंगावर किंवा आतड्यात मुक्कामाला होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या जंतूंपैकी जवळपास निम्मे रुग्ण घरून घेऊन आला नव्हता. ते त्याला दवाखान्यात दाखल झाल्यावर मिळाले होते.

म्हणजे गोष्ट दोन अंकांत घडते. पहिल्या अंकात दवाखान्यातला एखादा स्यूडोमोनास किंवा क्लेब्सिएला कोणाच्या तरी हातावरून, नळातून, स्टेथोस्कोपवरून रुग्णापर्यंत येतो आणि आतड्यात मुकाट्याने बिऱ्हाड करतो. ताप नाही, त्रास नाही. दुसऱ्या अंकात काउंट पडतो, आतड्याचं अस्तर फाटतं आणि तो रक्तात उतरतो. आपल्याला दिसतो तो दुसरा अंक, आणि दोष दिला जातो आदल्या दिवशी भेटायला आलेल्या काकांना. भारतातल्या मोठ्या दवाखान्यांत पहिल्या अंकातले हे पाहुणे बरेचदा कार्बापेनेमसारख्या शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिकलाही दाद न देणारे असतात, त्यामुळे इथे पहिला अंकच रोखण्याची गरज अधिक.

दार घट्ट लावण्याचा प्रयोग शेवटपर्यंत नेलेलं एक उदाहरण जगाला ठाऊक आहे. डेव्हिड व्हेटर हा मुलगा १९७१ साली अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये जन्मला. त्याला प्रतिकारशक्तीच नसण्याचा आनुवंशिक आजार असण्याची शक्यता आधीच माहीत होती, त्यामुळे जन्मताच त्याला निर्जंतुक प्लास्टिकच्या कक्षात ठेवलं गेलं. हवा गाळून, अन्न निर्जंतुक करून, खेळणी आणि लंगोटही निर्जंतुक करून आत जात. आईचा हात त्याला लागे तो प्लास्टिकच्या हातमोज्यातून. असा तो बारा वर्षं जगला. १९८३ साली बहिणीची मज्जा त्याला दिली गेली. त्या मज्जेत एप्स्टीन-बार नावाचा अगदी सर्वसामान्य विषाणू सुप्तावस्थेत होता, आणि तो ओळखण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यातून लिम्फोमा झाला आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये डेव्हिड गेला. बारा वर्षांत एवढा बंदोबस्त करूनही जंतू आत शिरला तो उपचाराच्याच वाटेने.

मला या गोष्टीतलं कारुण्य तर दिसतंच, पण धडाही दिसतो, आणि तो रोजच्या वॉर्डात लागू पडतो. दुर्बल रुग्णापर्यंत जंतू पोचतात ते बहुतेक वेळा त्याचं भलं करायला आलेल्या हातांनी आणि वस्तूंनी. शत्रू क्वचितच खिडकीतून उडी मारून येतो.

हातांपासूनच सुरुवात करू. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांनी नव्वदच्या दशकात पाहिलं की परिचारिका हात धूत नाहीत याचं कारण आळस नसून घड्याळ आहे. अतिदक्षता विभागात तासाभरात वीसएक वेळा हात स्वच्छ करण्याचा प्रसंग येतो. दर वेळी बेसिनपर्यंत जा, साबण लावा, धुवा, पुसा, यात मिनिट जातं. सगळे नियम पाळले तर रुग्णाकडे बघायला वेळच उरणार नाही. त्यांनी अल्कोहोलचं द्रावण प्रत्येक खाटेपाशी आणून ठेवलं. हातावर घ्यायचं, वीस-तीस सेकंद चोळायचं, वाळू द्यायचं, तेवढ्यात पुढच्या खाटेपाशी पोचायचं. २००० साली त्यांनी हिशोब छापला : हातांची स्वच्छता पाळण्याचं प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं आणि दवाखान्यात होणाऱ्या संसर्गांचं प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. आज आपल्याकडेही खाटेच्या पायथ्याशी अडकवलेली ती निळसर बाटली दिसते. कंपनी कोणतीही असो, वॉर्डात तिचं नाव ‘स्टरिलियम’च.

६६ टक्के हा आकडा पुन्हा वाचावा. जगातल्या गाजलेल्या यशोगाथेतही तीनातला एक हात तसाच राहिला. आणि पितेंच्याच पाहणीत परिचारिकांपेक्षा डॉक्टरांचा निकाल वाईट होता. याचं आश्चर्य वाटत नाही. वॉर्डात घटकाभर उभं राहून नुसतं बघितलं तरी एक गोष्ट कळते : माणसं रुग्णाला हात लावून झाल्यावर हात धुतात, आधी मात्र विसरतात. स्वतःला काही लागू नये ही भावना उपजत आहे. आपल्यामुळे त्याला काही लागू नये, ही शिकवावी लागते. काउंट पडलेल्या रुग्णाला वाचवतो तो आधीचा हात.

हातमोज्यांनी यात घोळच वाढवला आहे. हातमोजे चढवले की हात स्वच्छ झाले असा समज पसरला आणि त्याच मोज्यांनी सलाईनचा स्टँड, मोबाइल, फाइल आणि शेवटी रुग्ण अशी फेरी पूर्ण होते. आपल्याकडे आणखी एक प्रकार : अतिदक्षता विभागाच्या दाराशी चपला काढायचा आग्रह. वाकून, हाताने बूट ओढून काढायचे, तिथल्या शंभर जणांनी वापरलेल्या रबरी सपाता हातानेच सरळ करून पायात घालायच्या, आणि मग त्याच हाताने आत जाऊन आजोबांच्या गालावरून हात फिरवायचा. चपलांनी संसर्ग पसरल्याचा भक्कम पुरावा नाही, हातांनी पसरल्याचे ढीगभर आहेत. पण देवळाच्या सवयीमुळे आपल्याला पाय जास्त महत्त्वाचे वाटतात. मनगटावरचा लाल-पिवळा धागा, अंगठी, घड्याळाचा पट्टा यांच्याखाली द्रावण पोचत नाही, हे मात्र सांगायला कोणी धजत नाही. ब्रिटनमध्ये दवाखान्यात लग्नाची साधी अंगठी सोडली तर कोपराखाली काहीही घालायचं नाही असा दंडक आहे. आपल्याकडे निदान काउंट पडलेल्या रुग्णाच्या खोलीत तरी तो यावा असं वाटतं.

हातांनंतर येते ती लाइन. केमोची औषधं हाताच्या शिरा जाळतात, म्हणून दंडातून ‘पिक लाइन’ किंवा छातीच्या कातडीखाली ‘पोर्ट’ बसवतात आणि तिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ठेवतात. सोय मोठी आहे. रोज सुया टोचाव्या लागत नाहीत. पण कातडी ही शरीराची पहिली भिंत, आणि आपण तिला भोक पाडून नळी थेट रक्तात सोडलेली असते. सराईत सिस्टर लाइन हाताळते तेव्हा बघण्यासारखं असतं. ती आधी हातावर द्रावण चोळते. मग पिक लाइनच्या टोकाचं टोपण स्पिरिटच्या वाइपने लिंबू पिळल्यासारखं पिरगळत, पंधरा सेकंद, घासते. मग थांबते. टोपण वाळेपर्यंत ती काहीही जोडत नाही, कारण अल्कोहोल जंतू मारतं ते वाळता वाळता. नवखी सिस्टर एकदा पुसल्यासारखं करते आणि लगेच सिरिंज लावते. दोघींच्या कामात वीस सेकंदांचा फरक, आणि दिवसाकाठी असे प्रसंग दहा-वीस.

या लाइनच्या संसर्गाबाबत अमेरिकेत मिशिगन राज्यात जे घडलं ते आता दंतकथेसारखं सांगितलं जातं, पण ते खरं आहे. जॉन्स हॉपकिन्सचे पीटर प्रोनोव्होस्ट यांनी तिथल्या शंभरेक अतिदक्षता विभागांत पाच गोष्टींचा आग्रह धरला : हात धुवा, लाइन घालताना रुग्ण पूर्ण झाका आणि स्वतः गाउन-मास्क-टोपी घाला, कातडी क्लोरहेक्सिडिनने साफ करा, शक्यतो जांघेतून लाइन घालू नका, आणि गरज संपली की लाइन काढा. यातलं एकही कलम नवं नव्हतं. दर हजार लाइन-दिवसांमागे सरासरी ७.७ असलेले रक्तसंसर्ग दीड वर्षात १.४ वर आले. २००६ च्या डिसेंबरात हा अभ्यास छापून आला. कागदावरच्या पाच ओळींनी हे साधलं असं म्हणतात, पण मला खरा बदल सहाव्या, न लिहिलेल्या ओळीत दिसतो : डॉक्टरने पायरी गाळली तर त्याला थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला गेला. ‘सर, थांबा, गाउन घाला’ असं भरल्या वॉर्डात म्हणू शकणारी सिस्टर आपल्या किती दवाखान्यांत आहे? प्रशिक्षणावर खर्च होतो, या वाक्यासाठी लागणाऱ्या अभयावर होत नाही.

हात धुण्याची जागाच जंतूंचं घर निघाली तर? कुंपणानेच शेत खाल्लं असं आपण म्हणतो, ते इथे शब्दशः लागू पडतं. टोरोंटोतल्या एका दवाखान्यात २००४ ते २००६ या काळात अवयव बदललेल्या रुग्णांना औषधांना न जुमानणारा स्यूडोमोनास होत राहिला. शोध घेता घेता तपासनीस खोलीतल्या बेसिनपाशी पोचले. त्यांनी बेसिनच्या जाळीवर अंधारात चमकणारा रंग टाकला आणि नळ सोडला. पाण्याची धार थेट जाळीवर पडत होती, आणि चमकणारे थेंब मीटरभर अंतरापर्यंत, औषधं तयार करायच्या ओट्यावरही उडालेले दिसले. जाळीखालच्या नळीत जंतूंनी चिकट थर धरलेला होता. ब्लीचने वरचे मरत, खालचे राहत. बेलफास्टमध्ये जानेवारी २०१२ मध्ये नवजात बालकांच्या विभागात तीन बाळं दगावली, तिथेही माग नळांपर्यंतच गेला.

पण सगळ्यात अस्वस्थ करणारी हकिगत अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थच्या स्वतःच्या रुग्णालयातली आहे. पैशांची किंवा तज्ज्ञांची कमतरता असण्याचा प्रश्नच नव्हता. जून २०११ मध्ये न्यूयॉर्कहून एक रुग्ण तिथे आला. त्याच्या अंगात कार्बापेनेमला दाद न देणारा क्लेब्सिएला आहे हे आधीपासून माहीत होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून वेगळी खोली, गाउन, हातमोजे, सगळं झालं. रुग्ण महिन्याभरात बरा होऊन गेला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका रुग्णात तोच जंतू सापडला, आणि मग दर आठवड्याला एक अशी रांग लागली. एकूण १८ रुग्णांत तो गेला. त्यातले ११ दगावले, त्यांपैकी सहा मृत्यू थेट या जंतूमुळे.

तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रत्येक रुग्णाच्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचला आणि त्यातल्या एकेका अक्षराच्या फरकावरून वंशावळ मांडली. ज्यूली सेग्रे, एव्हन स्निटकिन आणि टॅरा पामोर यांच्या गटाचं हे काम २०१२ साली प्रसिद्ध झालं. सगळे जंतू त्या पहिल्या रुग्णाचेच वंशज निघाले, आणि त्याच्यापासून ते एकदा नव्हे, निदान तीनदा स्वतंत्रपणे बाहेर पडले होते. मधल्या तीन आठवड्यांत जंतू गेला कुठे होता? ज्यांची तपासणी झाली नव्हती अशा रुग्णांच्या आतड्यात, काहीही लक्षण न दाखवता. शिवाय तो बेसिनच्या नळ्यांत सापडला आणि साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही. शेवटी दवाखान्याने अतिदक्षता विभागात नवी भिंत उभारली, बाधित रुग्णांसाठी कर्मचारी आणि उपकरणं वेगळी केली, खोल्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या वाफेने भरल्या, नळ्या उखडल्या, आणि लोक हात साफ करतात की नाही एवढंच बघण्यासाठी माणसं नेमली. तेव्हा कुठे साथ आटोक्यात आली.

आपल्या वॉर्डातल्या बेसिनकडे या नजरेने बघावं. उरलेला चहा, अर्धवट राहिलेलं ग्लुकोजचं सलाईन, डब्यातली उरलेली आमटी, सगळं त्यातच. नळीतल्या जंतूंना यापेक्षा चांगला खुराक मिळणार नाही. काउंट पडलेल्या रुग्णाच्या खोलीत बेसिन फक्त हात धुण्यासाठी, एवढा एक नियम पाळायला पैसे लागत नाहीत. फॉर्मलिनच्या धुराने खोली ‘फ्युमिगेट’ करण्याची आपल्याकडची हौस मात्र खर्चिक आणि निरुपयोगी आहे. त्यातून डोळे चुरचुरतात, आणि नळीतला थर जागेवरच राहतो.

हवेची बाब वेगळी. हवेतून येणाऱ्या शत्रूंत मुख्य अस्परजिलस बुरशी. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे, थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतील एवढे बारीक. आपण सगळेच ते रोज शेकड्यांनी श्वासात घेतो आणि फुप्फुसातल्या पेशी त्यांचा निकाल लावतात. न्यूट्रोफिल दोन-तीन आठवडे शून्यावर असलेल्या माणसात तो निकाल लागत नाही. म्हणून मज्जारोपणाच्या खोलीत हवा ‘हेपा’ गाळणीतून येते. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. तासाला किमान बारा वेळा खोलीतली हवा बदलते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडलं तर हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. क्षयरोग्याच्या खोलीत याच्या बरोबर उलट व्यवस्था असते. टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी १९८३ साली देशातलं पहिलं यशस्वी मज्जारोपण केलं. आज महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत ही केंद्रं आहेत, आणि बहुतेकांच्या शेजारी कुठे ना कुठे पाडकाम किंवा बांधकाम चालू असतं. भिंत फुटली की धुळीबरोबर बीजाणू मोकळे होतात. त्यामुळे दवाखान्यातलं बांधकाम, छतावरची गळती, पावसाळ्यात भिंतीला आलेली ओल हे इंजिनिअरच्या फाइलमधले विषय असले तरी मज्जारोपणाच्या डॉक्टरने त्यांत नाक खुपसलंच पाहिजे. बीजाणू कपड्यांवरूनही येतात. न्यू ऑर्लिन्समधल्या मुलांच्या दवाखान्यात २००८-०९ मध्ये म्युकरच्या जातीच्या बुरशीने पाच मुलं गेली, आणि माग लागला तो धुऊन आलेल्या चादरी-टॉवेलांचा.

म्युकर हे नाव मराठी घरांत २०२१ च्या उन्हाळ्यात पोचलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ देशभर चाळीस हजारांहून अधिक लोकांना झाली, त्यात महाराष्ट्र आणि गुजरात पुढे होते. ही बुरशी नवी नव्हती, आपल्या मातीत ती नेहमीच असते. नवी होती ती एका वेळी एवढ्या माणसांत जमून आलेली स्थिती : काबूत नसलेला मधुमेह आणि भरमसाट स्टेरॉइड. कॅन्सर नसलेला, केमो न घेतलेला माणूसही पंधरा दिवसांत ‘दुर्बल’ होऊ शकतो, हे त्या उन्हाळ्याने दाखवलं. साखर रोज तपासणं हाच त्या वेळी बुरशीवरचा सर्वांत स्वस्त उपाय होता.

आता डब्याकडे वळू, कारण घरच्यांचा सगळा जीव त्यात अडकलेला असतो. वर्षानुवर्षं काउंट पडलेल्या रुग्णाला कोशिंबीर, फळं, कच्चं काहीच नाही, असा नियम होता. २००८ साली ह्यूस्टनमध्ये ल्युकेमियाच्या १५३ रुग्णांवर तो तपासला गेला. निम्म्यांना सगळं शिजवलेलं, निम्म्यांना ताजी फळं आणि सॅलडही. मोठे संसर्ग अनुक्रमे २९ आणि ३५ टक्क्यांना झाले. हा फरक योगायोगात बसणारा होता, आणि मृत्यूंतही फरक दिसला नाही. २०२३ मध्ये इटलीतल्या २२२ रुग्णांच्या अभ्यासानेही हेच सांगितलं. बेचव शिजवलेलं अन्न न गेल्याने खंगणारा रुग्ण बघितला की या निष्कर्षाने हायसं वाटतं. पण एक गोष्ट विसरू नये. ह्यूस्टन आणि इटलीतलं नळाचं पाणी पिण्यालायक असतं. आपल्याकडे सॅलडपेक्षा सॅलड धुतलेल्या पाण्याची भीती जास्त. म्हणून घरी उकळलेल्या पाण्याने धुतलेलं, तिथल्या तिथे सोललेलं केळं, संत्रं, डाळिंब चालावं. आदल्या रात्रीचा भात, रस्त्यावरचा उसाचा रस, बर्फ आणि उघड्यावरची चटणी चालू नये. तीर्थाचंही तेच. अंगारा कपाळाला लावायला हरकत नाही, तीर्थ ओठांना लावण्याआधी ते कोणत्या पाण्याचं, हे विचारावं. फुलांचा गुच्छ आणि कुंडी खोलीबाहेरच, कारण फुलदाणीचं पाणी आणि कुंडीची माती ही दोन्ही बुरशी-जंतूंची माहेरघरं.

औषधांनी आधीच बंदोबस्त करण्याची कल्पना जुनी आणि एका बाबतीत विलक्षण यशस्वी आहे. ल्युकेमियाच्या मुलांना न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा जीवघेणा न्यूमोनिया होई. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात वॉल्टर ह्यूज यांनी ८० मुलांना कोट्रायमोक्साझोल दिलं, ८० मुलांना खोटी गोळी. १९७७ साली निकाल आला : खोट्या गोळीवाल्यांत १७ जणांना न्यूमोनिया, खऱ्या गोळीवाल्यांत एकालाही नाही. आपल्याकडे जी ‘सेप्ट्रान’ नावाने दुकानात चवलीपावलीच्या भावात मिळते, तीच ही गोळी. काउंट लवकर वर आणणारी जी-सीएसएफची इंजेक्शनं १९९१ पासून बाजारात आहेत, बुरशीविरोधी औषधंही आहेत. कोणाला काय द्यायचं हे आजार आणि त्याचा टप्पा पाहून ठरतं, शेजाऱ्याला दिलं म्हणून आपल्यालाही द्या, असं नाही. जिवंत विषाणूंच्या लसी या रुग्णांना देत नाहीत. पण घरातल्या बाकीच्यांनी फ्लूची लस घ्यावी. आणि रुग्ण लहान मूल असेल तर त्याच्या धाकट्या भावंडाला पोलिओचे थेंब देण्याआधी डॉक्टरांना विचारावं, कारण थेंबांतला जिवंत विषाणू त्या भावंडाच्या विष्ठेतून घरात पसरतो. त्याच्यासाठी इंजेक्शनची लस असते.

एवढं सगळं करूनही ताप येतो. तो आल्यावरचा पहिला तासही प्रतिबंधाचाच भाग मानावा. १९७१ पर्यंत डॉक्टर रक्ताच्या कल्चरचा निकाल येईपर्यंत थांबत, आणि स्यूडोमोनास तेवढ्यात काम उरकून जाई. त्या वर्षी शिम्फ यांनीच दाखवलं की जंतूचं नाव कळण्याची वाट न बघता ताप येताच दोन अँटिबायोटिक सुरू केली तर रुग्ण वाचतात. आज नियम असा : काउंट पडलेल्या माणसाला एकदा १०१ फॅरनहाइट, किंवा तासभर १००.४ राहिला, तर दवाखान्यात पोचल्यापासून तासाच्या आत पहिला डोस शिरेत गेला पाहिजे. ताप बघायचा तो काखेत किंवा तोंडात, गुदद्वारात कधीच नाही. तिथलं फाटलेलं अस्तर आणि थर्मामीटर ही जोडी घातक ठरू शकते.

अडचण येते ती दवाखान्याबाहेर. टाटाचे कितीतरी रुग्ण दोन केमोंच्या मधले दिवस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, भाड्याच्या खोलीत, काही थेट परळच्या फुटपाथवर काढतात. जे गावी जातात त्यांचा ताप येतो रात्री अकराला. जवळचा डॉक्टर ओळखीचा, मायाळू. तो कमरेत ताप उतरवण्याचं इंजेक्शन देतो. ताप उतरतो, म्हणजे उरलेलं एकमेव लक्षणही पुसलं जातं. प्लेटलेटही कमी असतात, त्यामुळे टोचल्या जागी रक्त साकळतं आणि जंतूंना आयती जागा मिळते. सकाळी रुग्ण गार पडलेला असतो, रक्तदाब लागत नाही. म्हणून प्रत्येक रुग्णाच्या खिशात एक कार्ड हवं : आजार कोणता, शेवटची केमो कधी, शेवटचा काउंट किती, लाइन आहे का, आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा. आणि कॅज्युअल्टीत पोचल्यावर नातेवाइकाने पहिलं वाक्य नीट निवडावं. ‘ताप आलाय’ एवढंच म्हटलं तर केसपेपर काढून बाकावर बसायला सांगतील, कारण चालत आलेला, बोलणारा माणूस कोणाला गंभीर वाटत नाही. ‘केमो होऊन दहा दिवस झालेत आणि आता एकशे एक ताप आहे’ असं म्हटलं, तर जाणता डॉक्टर आधी रक्त घेऊन अँटिबायोटिक लावतो. केसपेपर मागाहून होतो.